वर्गाला पुस्तक सुचवताना

चि. भाचीस,


वाचनाच्या तासाला वर्गाला सुचवायला एखादं अचाट पुस्तक हवं, असं तू कळवलंस. नॉर्टन जस्टर यांचं ‘द फँटम टोलबूथ’ घे. पुस्तक 1961 चं, अमेरिकेतलं. पण तुमच्या चंदीगडच्या सेक्टर 30 मधल्या मुलांना ते जवळचं वाटेल.

जस्टर पेशाने वास्तुरचनाकार. मुलांसाठी शहरांवर पुस्तक लिहायला त्यांना फोर्ड फाउंडेशनने अनुदान दिलं होतं. ते काम रेंगाळलं आणि त्यांनी मायलो नावाच्या मुलाची ही गोष्ट लिहायला घेतली. या मायलोला कशातच रस नाही. चित्रं काढली ज्यूल्स फायफर यांनी.

शहर मात्र जस्टर यांच्या डोक्यातून गेलं नाही. मायलोला प्रवासात एक न दिसणारं शहर लागतं. तिथली माणसं खाली मान घालून, लगबगीने कामाला जाऊ लागली. आजूबाजूला कुणी बघेना, तसे रस्ते पुसट झाले, इमारती विरत गेल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही! माणसं अजून तिथेच, न दिसणाऱ्या घरांत राहतात.

हाच भाग मोठ्याने वाचून दाखव. तुमचं चंदीगडही ल कॉर्ब्यूझिए यांनी आखलेलं शहर. सेक्टर साधारण 1200 बाय 800 मीटरचा आणि पत्त्यात आकडा, त्यामुळे आजूबाजूला न बघताही घर सापडतं. मग वर्गाला विचार: तुमच्या सेक्टरमधल्या सीएसआयओ संस्थेच्या फाटकापासून तुमच्या घरापर्यंत कोणकोणती झाडं लागतात? उत्तर देताना अडखळलेली मुलं पुस्तक आपणहून मागतील.

पुढची गोष्ट फोडू नकोस. अंगात घड्याळ असलेला टॉक नावाचा कुत्रा आणि आकडे जिथून खणून काढतात ती खाण, एवढं सांग आणि थांब. ‘यातून काय शिकलो’ हे तर मुळीच नको. त्या प्रश्नाने मुलं पुस्तकापासून लांब पळतात. आणि स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय वर्गात उभी राहू नकोस.

इंग्रजी शब्दांचे खेळ यात पानोपानी आहेत. लहान मुलांशेजारी बसून ते वाचावं लागेल. तुझ्या धाकट्या भावाला त्याऐवजी जी. ए. कुलकर्णींची ‘बखर बिम्मची’ मराठीतून वाचून दाखव.

सेक्टर 17 मधल्या टी. एस. सेंट्रल स्टेट लायब्ररीत आधी ‘टोलबूथ’ची चौकशी कर. नाही मिळालं तर लगेच कळव, इथून प्रत पाठवता येईल.

तुझी मावशी