गाडीचा हूड आणि सीटचे कापड : व्यापाऱ्याने आणि कारागिराने काय पाहावे?

“शेठ, तुमचा हूड पावसानं नाही, उन्हानं फाटला.”

२००४ सालच्या जून महिन्यात उमरी-भोकर रस्त्यावर जीप चालविणारे एक गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे राहून हे बोलले आणि हातातला रेग्झीनचा तुकडा आमच्या गल्ल्यावर ठेवला. घडीच्या जागी तो पापडासारखा तुटला होता. आदल्या वर्षी एका मोठ्या शहरातून आम्ही या मालाचे तीन तागे स्वस्तात उचलले होते. जाड, चकचकीत, वजनदार माल. कापडाच्या धंद्यात उमर गेली, तरी जाडी पाहून फसलो. त्यातून पाच हूड शिवले गेले आणि एका उन्हाळ्यात पाचही तडकले. कापड आम्ही बदलून दिले, पण शिवणाऱ्या उस्तादांची मजुरी कोणी द्यायची? शेवटी निम्मी आम्ही दिली, निम्मी त्यांनी सोसली. चूक मात्र त्यांची नव्हतीच. त्या दिवसापासून आम्ही जे शिकलो ते व्यापारी आणि कारागीर बांधवांसमोर ठेवतो.

आपल्या भागात उघडणारा टप असलेल्या शौकिनांच्या गाड्या फार नाहीत. पण कापडी छताची गाडी आपल्याला नवी नाही. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. (त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद, ते पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले.) या कंपनीने विलिज जीप आपल्या देशात जोडायला घेतली आणि लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर ताणलेला हूड खेड्यापाड्यांत पोहोचला. २०२० सालची नवी थारही कापडी टपासह निघाली. शिवाय ऑटोरिक्षा आहेत, ट्रॅक्टरची छत्री आहे. काम भरपूर आहे, फक्त ते टिकले पाहिजे.

आता रेग्झीन का तडकते ते पाहू. आज बाजारात रेग्झीन म्हणून जे मिळते ते कापडावर पीव्हीसीचा थर दिलेले असते. पाण्याचा कडक पाइपही पीव्हीसीचाच. मग एक कडक आणि एक मऊ कसे? मऊ करण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात. ऊन लागले की ते हळूहळू बाहेर पडते. नव्या गाडीच्या काचेला आतून चिकट धुरकट थर बसतो, त्यातही या द्रव्याचा हिस्सा असतो. द्रव्य गेले की रेग्झीन पुन्हा पाइपच्या जातीवर जाते. स्वस्त मालात खडूची भुकटी जास्त घालून वजन वाढवितात. म्हणजे आम्ही ज्या जाडीवर भाळलो, ती बरीचशी खडूची होती! तुकडा दुमडून नखाने दाबा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर सावध व्हा. काही ड्रायव्हर चमक यावी म्हणून हुडाला डिझेल किंवा रॉकेल पुसतात. त्याने आहे ते मऊपणही निघून जाते. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाठीचे कापड. रेग्झीन उलटून पाहा. पाठ होजिअरीसारखी विणलेली असेल तर ते ताणले जाते, सीटच्या गोलाईवर छान बसते. हुडाला मात्र असे रेग्झीन लावले की काही महिन्यांत झोळ पडतो, झोळात पाणी साचते. हुडासाठी पाठीला उभ्या-आडव्या धाग्यांचे, न ताणणारे कापडच हवे. दोन्हींचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, दिसायलाही सारखेच, म्हणून दुकानात दोन्ही तागे एकाच फळीवर ठेवू नयेत.

सुती कॅनव्हासची तऱ्हा निराळी. भिजला की सूत फुगते आणि विणीतली भोके आपोआप मिटतात. जुन्या तंबूंचे मर्म हेच. पण तो आटतो आणि ओला घडी करून ठेवला तर बुरशी धरून कुजतो. कापण्याआधी १ मीटरची खूण करून तुकडा रात्रभर भिजवा, वाळवा, मग मोजा. जेवढा आटला तेवढी सूट प्रत्येक मीटरला धरा. ही सूट न धरल्यामुळे पहिल्या पावसानंतर बटणे लागत नाहीत आणि दोष शिलाईवर येतो.

परदेशात उघडणाऱ्या टपासाठी जे उंची कापड वापरतात ते तीन थरांचे असते : वर अ‍ॅक्रिलिकचे कापड, मध्ये रबर, आत अस्तर. आम्हाला ते पाहून औरंगाबादचे मशरू आठवले. मशरूत रेशीम वर आणि सूत अंगाकडे, म्हणजे दोन्ही बाजूंचे काम वेगळे, हे आपल्या विणकरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. या अ‍ॅक्रिलिकचा रंग धागा ओढण्यापूर्वीच द्रवात मिसळतात, म्हणून तो उन्हात लवकर उडत नाही. वांगे वरून जांभळे, आत पांढरे. बीट कुठेही कापा, रंग तोच. गिऱ्हाइकाला असे समजावले की भावातला फरक पटतो. मात्र ज्याची जीप बारा महिने उन्हाधुळीत प्रवासी वाहते, त्याला हे कापड आग्रहाने विकू नये. त्याला चांगले रेग्झीन पुरे आहे.

आणि दोरा! कापडावर हजारो रुपये घालून लोक दोऱ्यात दहा-वीस रुपये वाचवितात. हूड बहुतेक वेळा शिवणीत उसवतो. नायलॉनचा दोरा ओढून पाहिला तर फार मजबूत वाटतो, पण उन्हात लवकर कमजोर होतो. बाहेरच्या कामाला पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा. बारीक टाका म्हणजे पक्की शिलाई हा समज शर्टाला ठीक. रेग्झीनमध्ये जवळजवळ टाके घातले की तिकिटाच्या भोकांसारखी रेघ तयार होते आणि तिथूनच फाटते. टाका साधारण ४ मिलिमीटरचा ठेवावा, सुई गरजेपेक्षा जाड नको. जोड देताना वरचा पदर खालच्यावर कौलासारखा यावा, म्हणजे पाणी शिवणीत न शिरता वरून उतरते. रेग्झीनचा हूड चढविण्यापूर्वी थोडा वेळ उन्हात पसरून ठेवला तर नरम होतो, सुरकुती राहत नाही.

मागच्या पारदर्शक खिडकीबद्दल एकच सांगतो. आपली काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ती खिडकी आठवड्यात आंधळी होते. आधी पाणी ओतावे, मग मऊ कापड.

आतल्या सीटचे गणित सोपे वाटते, पण खरी जोखीम तिथेच आहे. काळे रेग्झीन मे महिन्यात तव्यासारखे तापते. मखमल धूळ धरते. प्रवासी गाडीला फिक्या रंगाचे रेग्झीन आणि वरून सोलापुरी टॉवेलचे कव्हर ही जुनी पद्धत आम्हाला अजूनही उत्तम वाटते : घाम टिपते, काढून धुता येते. नव्या मोटारींमध्ये मात्र आधी सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण आहे का ते पाहा. असेल तर त्या बाजूने कव्हर घट्ट शिवून बंद करू नका. अपघाताच्या वेळी पिशवी बाहेर यायला वाट हवी. या बाजूसाठी खास बनविलेले कव्हर मिळत नसेल तर काम सोडून द्यावे. चार पैसे गेले तरी चालतील.

आगीचेही तसेच. गाडीच्या आतल्या सामानाने किती वेगाने जळावे यासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. घाऊक व्यापाऱ्याकडे त्याचा दाखला मागावा. निदान दोन धागे दुकानाबाहेर, मालापासून दूर, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळून राख होते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. यावरून आग किती पसरेल ते कळत नाही, पण सुती म्हणून पॉलिएस्टर गळ्यात मारले जात नाही.

हिशोब असा मांडून पाहा. समजा हुडाला ६ मीटर माल लागला आणि मीटरमागे ८० रुपये वाचविले, तर ४८० रुपये वाचले. तो हूड एका वर्षात गेला आणि पुन्हा शिवायची मजुरी १५०० रुपये झाली, तर वाचलेले ४८० जाऊन वर १०२० रुपयांचा खड्डा, शिवाय नव्या कापडाचे पैसे वेगळे. म्हणून आता आम्ही बिलावर मालाचा प्रकार, पाठ ताणणारी की न ताणणारी, आणि दोरा कोणता ते लिहून देतो. उस्तादांशी बोलून ठरविले आहे की कापडात दोष निघाला तर मजुरी आमची, शिलाईत निघाला तर त्यांची.

नवा माल आला की त्याची एक पट्टी दुकानाच्या पत्र्यावर बांधतो आणि तिचा जोड-तुकडा कपाटात ठेवतो. मार्चमध्ये बांधलेली पट्टी जूनमध्ये उतरवून दोन्ही तुकडे दुमडून पाहतो. त्या पट्टीचा निकाल लागेपर्यंत दुसरा तागा मागवीत नाही.