गिझरचा काटा आणि घरचा मीटर

पोरांनो, न्हाणीघरात तांब्याचा बंब होता तोवर हिशेब डोळ्यांसमोर असायचा. किती लाकडं घातली ते दिसायचं. आता गिझर आला आणि सरपण मीटरमध्ये जळायला लागलं. आपल्या गुंजीत पावसाळाभर झड आणि डिसेंबरात पहाटेचा गारठा, त्यामुळे गरम पाणी लागणारच. खानापूर ते लोंढा घराघरांत वायरिंग केलं, त्यातलं कामाचं तेवढं सांगतो.

काट्याचं काम ओळखा. गिझरमधला थर्मोस्टॅट एवढंच करतो: पाणी ठरल्या अंशावर पोचलं की करंट तोडतो, निवलं की पुन्हा जोडतो. काटा 75 वर नेला म्हणून पाणी लवकर तापत नाही, कारण तापवणारी कॉइल तीच. बांध पुढे सरकवला म्हणून बैल जोरात चालत नाही, त्यातलाच प्रकार.

काटा 55 ते 60च्या मध्ये ठेवा. त्याहून कडक पाणी केलं तर शेवटी थंड मिसळूनच घेणार, आणि उरलेली ऊब टाकीतच निवून जाणार. पण फार खालीही आणू नका. 50 अंशांच्या खाली साठून राहिलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. लहान मुलांची अंघोळ असेल तर बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

वेळ बांधून घ्या. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साधारण 0.7 युनिट लागतं. 2 किलोवॉटचा गिझर ते वीस-बावीस मिनिटांत करतो. म्हणजे अंघोळीआधी अर्धा तास पुरे. रात्रभर चालू ठेवलात तर टाकी निवत राहते, थर्मोस्टॅट पुन्हापुन्हा करंट जोडतो, आणि अंघोळ मात्र सकाळी एकदाच. नवा गिझर घेताना ऊर्जाबचतीच्या पट्टीवरचे तारे बघा. जास्त तारे म्हणजे टाकीतली ऊब कमी गळते.

टायमर लावायचा तर जपून. काट्याने अंश ठरतो, टायमरने वेळ. दोन्ही नीट लावले की पहाटे उठून बटण दाबायला नको. पण चाकाचा टायमर करंटवरच फिरतो. पावसात झाड तारेवर पडून दोन तास लाईट गेली की तोही दोन तास मागे राहतो आणि पाणी भलत्याच वेळी तापतं. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या, तोही 16 अँपिअरचा. गिझर लहान प्लगवर कधीच लावू नका, आणि अर्थिंगशिवाय तर नाहीच.

महिन्याची बेरीज करा. रोज 15 लिटरच्या दोन टाक्या धरल्या तर महिन्याला 42 युनिट झाले. 2023 पासून कर्नाटकात गृहज्योती योजना आली. 2022-23 मधल्या आपल्या सरासरीवर थोडे जादा युनिट धरून बिल माफ, पण 200 युनिटांच्या आत. त्या सरासरीच्या मर्यादेवर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले तर सगळं बिल आपल्या माथी. पावसाळ्यात कपडे वाळवायला पंखे दिवसभर फिरतात, त्यात गिझर विसरला की तेवढ्यानेच बिल पलीकडे जातं.

फ्रिज आणि एसी. फ्रिजच्या बटणावरचे आकडे अंश नसतात; आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. उन्हाळ्यात वाढवलेलं बटण पाऊस लागला की मध्यावर आणा. आतलं तापमान 4 अंशांच्या आसपास असलं की भागतं. एसी गुंजीत थोड्याच घरांत, पण पोरं बेळगावला, गोव्याला राहतात म्हणून सांगतो: 2020 पासून तारांकित एसी मुळातच 24 वर लावून येतात, ते उगीच नाही. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशेब आहे. बाहेरून घामाघूम आलात म्हणून 16 वर नेऊ नका. 24 ठेवून वर पंखा लावा. झोपताना स्लीपचं बटण दाबा, म्हणजे रात्री तो हळूहळू अंश चढवतो.

परदेशी गेलेल्यांसाठी. अमेरिकेत भिंतीवरचा थर्मोस्टॅट अख्खं घर तापवतो. उठणं, निघणं, परतणं, झोपणं अशा चार वेळा त्यात घालता येतात. घरात कोणी नसताना किंवा झोपेत आठ तास चार-पाच सेल्सिअस अंशांनी खाली ठेवला तर घर तापवण्याच्या खर्चात वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत बचत होते, असं तिथलं ऊर्जा खातं सांगतं. ‘होल्ड’ दाबून ठेवलंत तर लावलेलं वेळापत्रक बाजूला पडतं. आणि घरात हीट पंप असेल तर फार खाली आणू नका; परत चढवताना आतली जादा कॉइल पेटते आणि वाचलेलं सगळं खाते.

शेवटचं, जीवाचं. गिझरमधून वाफ यायला लागली, किंवा थर्मोस्टॅट ‘टक’ करून करंट तोडतच नसेल, तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. झाकण स्वतः उघडू नका. बाकी माझ्यावर विसंबू नका: एक आठवडा नेहमीसारखा चालवा, दुसरा सांगितल्याप्रमाणे, आणि दोन्ही वेळा मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.