बॅटरीच्या पोटातील कापड

हाटकेशच्या औद्योगिक गाळ्यांत वीज गेली की दिवे, पंखे आणि बिलाचा संगणक इन्व्हर्टरवर चालतात. गिऱ्हाईक समोर असते, म्हणून हा खर्च करावाच लागतो. परंतु बॅटरी म्हणजे काय, हे न जाणताच आपण ती विकत घेतो. माझेही तसेच झाले. नळाचे पाणी घालून मी एक चांगली बॅटरी अकाली घालवली. मग माहिती घेतली, तेव्हा कळले की माझ्या धंद्याचा माल, म्हणजे कापड, बॅटरीत पहिल्यापासून आहे.

इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली जस्त व तांब्याच्या चकत्या एकावर एक रचल्या. मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड किंवा पुठ्ठा ठेवला आणि सतत वाहणारी वीज मिळाली. पण ही बॅटरी एकदा संपली की संपली.

१८५९ साली फ्रान्सच्या प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले व पाणी मिसळलेल्या गंधकाच्या तेजाबात बुडवले. पत्रे एकमेकांना लागू नयेत, हे कापडाचे काम. ही बॅटरी पुन्हा भरता येऊ लागली. १८८१ मध्ये फोर यांनी पत्र्यांवर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या लाल भस्माचा, लेप दिला. त्यामुळे जास्त वीज मावू लागली. आपल्याकडे चिंचवडला १९६९ साली शिशाच्या बॅटऱ्यांचा मोठा कारखाना सुरू झाला.

लेपात एक दोष आहे. बॅटरी वारंवार रिकामी केली की तो गळतो. म्हणून ट्यूब्युलर बॅटरीत हा माल पॉलिस्टर कापडाच्या नळ्यांत भरतात. ती महाग असते, पण जास्त टिकते. गाडीच्या बॅटरीचे पत्रे पातळ असतात, क्षणभर मोठा जोर देण्यासाठी. स्वस्त म्हणून ती इन्व्हर्टरला लावली तर लवकर बाद होते.

१९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या शोधासाठी २०१९ चे नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. ती हलकी असते व तिच्यात पाणी घालावे लागत नाही, मात्र तिला योग्य चार्जरच हवा.

आता कामाच्या गोष्टी. शिशाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, कारण नळाच्या पाण्यातील क्षार पत्रे खराब करतात. उडते ते पाणी, तेजाब नव्हे. म्हणून वरून तेजाब ओतू नये. चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जागा हवेशीर असावी व जवळ विडी-काडी पेटवू नये.

जुनी बॅटरी चार पैशांसाठी गल्लीत फोडू किंवा वितळवू देऊ नये. शिशाचा धूर व धूळ मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती वेगळी ठेवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडेच द्यायची आहे. नवीन घेतानाच दुकानदाराला जुनीचा भाव विचारावा आणि बिलात तो वजा करून घ्यावा. यात आपलाही फायदा आहे आणि शेजाऱ्याच्या लेकरांचीही सलामती.