शिरेतली जाळी विसरू नका!

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. दुसऱ्या दिवशी ते मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शहरात दाखल होणार होते. मी विचारले, "पोटातल्या शिरेत फिल्टर बसवलाय, हे तिथे सांगितलेत ना?" ते म्हणाले, "त्याला तीन वर्षे झाली डॉक्टर. आता त्याचे काय?"

वाचकहो, त्याचे बरेच काही आहे.

पायाच्या खोल शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेतते. यावर मुख्य उपाय म्हणजे रक्त गोठू न देणारी औषधे. परंतु रक्तस्रावाच्या धोक्यामुळे ती देता येत नसतील, तर पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी धातूची छोटी जाळी बसवतात. हाच फिल्टर. रक्त पुढे जाते, गुठळी अडते.

आता दुसरी बाजू पाहू. मोठ्या शस्त्रक्रियेत किंवा अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मानेतल्या शिरेत नळी घालावी लागते. प्रथम सुई, सुईतून लवचिक तार, तारेवरून नळी, आणि शेवटी तार बाहेर, अशी ही पद्धत. स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी ती १९५३ साली मांडली. शिरेला इजा होऊ नये म्हणून तारेचे टोक आकड्यासारखे वळवलेले असते. तार गरजेपेक्षा जास्त आत गेली, तर ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली उतरते आणि हा आकडा जाळीच्या काड्यांत अडकू शकतो. म्हणूनच मोठ्या माणसात तार साधारण १८ ते २० सेंटीमीटरपेक्षा जास्त आत घालू नये, असे सांगितले जाते.

अडकलेली तार जोराने ओढणे सर्वात घातक. जाळी जागची हलते, शीर फाटू शकते. अशा वेळी हात थांबवून एक्स-रे काढतात. मग क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तारेवरून बारीक नळी सरकवून आकडा सरळ करतात आणि तार सोडवतात. हे काम त्यातल्या तज्ज्ञाचेच.

पण डॉक्टरांना आधी माहीत असेल, तर ही वेळ सहसा येत नाही. म्हणून फिल्टरची नोंद असलेले कागद जपून ठेवा. दाखल होताना स्वतःहून सांगा. रुग्ण बेशुद्ध असेल तर कोण सांगणार? तेव्हा घरच्यांनाही माहीत असू द्या. काही फिल्टर गरज संपल्यावर काढता येतात, तेही विचारून घ्या.

त्या गृहस्थांच्या कागदावर मी लाल शाईने "फिल्टर आहे" असे लिहून दिले. तुमच्या घरात कोणाला फिल्टर असेल, तर आजच तेवढे करा.