आधी धारेच्या वेळी जा

केंदूरच्या (ता. शिरूर) एका वाचकाला गावच्या दूध संकलन केंद्राची संगणकीय नोंदपद्धत नव्याने बांधायची आहे. मुलाखती शेतकऱ्यांच्या घ्याव्यात की जाणकारांच्या, असा त्याचा प्रश्न आहे.

दोघांच्याही, पण वेगवेगळ्या. शेतकऱ्यांना ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की ‘सगळं ठीक आहे’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा काल दूध मापल्यापासून पावती हाती पडेपर्यंत काय काय घडलं, ते क्रमाने विचारावं. फॅट कमी लागली तेव्हा कुणाला सांगितलं? खातं नवऱ्याच्या नावावर आणि किटली घेऊन येते बायको, अशी घरं पुष्कळ. तिथे मुलाखत तिचीच हवी!

जाणकारांकडून नियम समजून घ्यावेत: दहा दिवसांच्या पगारातून उचल कशी कापतात, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) घसरलं की दर कसा बदलतो.

चुकांबद्दलही विचारावं. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइल ॲपवर स्वतः करायची, ही महाराष्ट्राची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 रोजी राज्यभर सुरू झाली. ॲपच्या 2022च्या दुसऱ्या आवृत्तीत चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करण्याची सोय आली. चूक झाल्यावर माणूस काय करतो, हे विचारल्याशिवाय अशी गरज यादीत येत नाही.

मुलाखतीनंतर कागदावर काढलेली नवी पावती किटली आणणाऱ्या त्याच बाईंच्या हाती द्यावी, वाचायला सांगावं आणि मध्ये बोलू नये.