विझून सांगणारा प्रकाश

मुलांनो, दुकानदार पाचशेची नोट एका लहानशा निळसर दिव्याखाली धरून तपासतो, हे तुम्ही पाहिले असेल. त्या दिव्याखाली नोटेवरील क्रमांक चमकू लागतात. असे का होते? त्या दिव्यातून अतिनील किरण निघतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. शाईतील पदार्थ ते किरण शोषून घेतो आणि लगेच दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून तो समजावून सांगितला.

हाच गुणधर्म पाण्यातले एक विष शोधायलाही उपयोगी पडतो. ते विष म्हणजे टीएनटी नावाचे स्फोटक. पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत अनेक स्त्रिया तोफगोळ्यांत टीएनटी भरत. त्यामुळे त्यांची कातडी पिवळी पडे. लोक त्यांना 'कॅनरी' या पिवळ्या पक्ष्याच्या नावाने ओळखत. पण ही काही गमतीची गोष्ट नव्हती. टीएनटीमुळे कित्येकींचे यकृत बिघडले. काहींना प्राणही गमवावे लागले.

अशा कारखान्याचे सांडपाणी जमिनीत मुरले, तर हे विष विहिरीपर्यंत पोचू शकते. युद्ध संपते, कारखानाही बंद होतो. पण विष मागे राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यानुसार, जन्मभर प्यायच्या एक लीटर पाण्यात २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त टीएनटी नसावे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! एवढेसे विष ना डोळ्यांना दिसते, ना जिभेला कळते.

मग ते ओळखायचे कसे? अतिनील किरण पडले, की चमकणाऱ्या पदार्थातील इलेक्ट्रॉनला जास्त ऊर्जा मिळते. तो पुन्हा आपल्या जागी येताना प्रकाश देतो. टीएनटीला मात्र इलेक्ट्रॉनची फार ओढ असते. ते जवळ आले, की हा इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचून घेते. मग प्रकाश मंदावतो. प्रकाश विझला, की समजावे, येथे काहीतरी आहे!

अमेरिकेतील टिमोथी स्वॅगर व त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ साली यासाठी रेणूंची लांब साखळी वापरली. लग्नमंडपातील माळेचा एक दिवा गेला, की कधी कधी सगळी माळ विझते ना? तसेच येथे होते. साखळीला एका ठिकाणी टीएनटीचा रेणू चिकटला, तरी तिचा बराच भाग मंदावतो. त्यांनी हा पदार्थ हवेतील टीएनटीची वाफ ओळखण्यासाठी बनवला होता. पुढे याच तत्त्वावर पाणी तपासणारे पदार्थही तयार झाले.

पण सावध राहा! गढूळ पाण्यानेही प्रकाश कमी होतो. इतर काही पदार्थही तो विझवतात. म्हणून शेजारी शुद्ध पाणी ठेवून तुलना करतात. शंका आली, तर प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करतात.

मुलांनो, स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. डोळ्यांवर विश्वास ठेवण्यापूर्वी परीक्षा करावी, हेच विज्ञान आपल्याला शिकवते.

स्वाध्याय

१. कारखाना बंद झाल्यावरही धोका का राहतो?
२. टीएनटी जवळ आल्यावर प्रकाश का मंदावतो?
३. प्रकाश विझला म्हणजे पाण्यात टीएनटी आहेच, असे का म्हणता येत नाही?
४. वाक्यात उपयोग करा : प्राण गमावणे, सावध राहणे.