आठवणींचा आरंभ कोठून करावा?

प्रश्न : वय 77. बेलापूर पट्टीतील आगरी कुटुंबात जन्म. भातशेती भूसंपादनात गेली, 1984 चा लढा पाहिला. नातवंडांसाठी आठवणी लिहू इच्छितो. आरंभ कोठून करू?

उत्तर : जमिनीपासून करावा. 1970 साली सिडको हे नगरविकास महामंडळ स्थापन होऊन 95 गावांच्या शिवारावर नवे नगर आखले गेले, आणि जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील जासईच्या लढ्यात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेल्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले, हे सरकारी दफ्तरांत सापडेल. परंतु भूसंपादनाच्या निवाड्याची नोटीस हाती आली त्या संध्याकाळी आपले वडील काय बोलले, हे केवळ आपल्याच स्मृतीत आहे. जुने सातबारा व फेरफार जवळ घेऊन बसावे. तारखा त्यांतून पडताळता येतात.

मात्र मला अधिक चिंता वाटते ती धवळ्यांची, म्हणजे लग्नातील पारंपरिक गीतांची. लग्नघरी धवलारीण जे गाते, ते मुखपरंपरेने आलेले असल्यामुळे, गाणारी गेली की तिच्यासवे तिची चालही जाते. म्हणून राजकारणाचे प्रकरण मागाहून लिहिले तरी चालेल. आधी घरातील वृद्ध स्त्रियांसमोर बसून त्यांचा स्वर मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावा, आणि शब्द आगरी बोलीतच, जसेच्या तसे उतरवावेत.